नॉर्मलायझेशन : पाठ करू नका, टेबल मांडा

डीबीएमएसच्या ओरलला थर्ड नॉर्मल फॉर्मची व्याख्या सगळ्यांना धडाधड येते. 'पण टेबल तोडायचं कशासाठी?' असं सरांनी विचारलं की शांतता! माझ्या मते आधी हाच प्रश्न सुटायला हवा.

समजा, मेसच्या हजेरीचं एकच टेबल आहे : रोल नंबर, तारीख, नाव, खोली, मेस, मेसचा फोन. प्रत्येकाची मेस ठरलेली. रोल नंबर आणि तारीख मिळून प्रायमरी की. आता एकाने खोली बदलली, तर त्याच्या महिन्याच्या तीसही ओळी बदला. एक जरी राहिली, तर खरी खोली कोणती? नवी मेस निघाली, पण अजून कुणी जेवलंच नाही, तर तिचा फोन लिहायचा कुठे? आणि मेसमधल्या शेवटच्या विद्यार्थ्याच्या ओळी पुसल्या, की फोनही गेला.

उपाय सोपा आहे. नाव, खोली, मेस हे रोल नंबरवरून ठरतं, तारखेचा संबंध नाही. ते फोनसकट वेगळ्या टेबलात काढलं की सेकंड नॉर्मल फॉर्म. फोन मेसवरून ठरतो. मेस आणि फोनचं आणखी एक टेबल केलं की थर्ड. हजेरीत उरले रोल नंबर आणि तारीख!

एडगर कॉड यांनी १९७० साली आयबीएममध्ये असताना रिलेशनल मॉडेल मांडलं. नॉर्मलायझेशन त्यातूनच आलं. एक माहिती, एकच जागा. पेपरात टेबल आलं की मी आधी बाण काढतो : कोण कुणावरून ठरतं? बाण बरोबर आले, की व्याख्या आपोआप सुचते.