पोटऱ्या भरदार, पण पायांत जोर नाही

चार-पाच वर्षांचा मुलगा जमिनीवरून उठताना आधी ओणवा होत असेल, मग गुडघ्यांवर, मांड्यांवर हात टेकत स्वतःच्याच अंगावर चढल्यासारखा उभा राहत असेल, तर त्याला आळशी म्हणू नका आणि टॉनिकही पाजत बसू नका. चवड्यांवर चालणे, वरचेवर पडणे, जिन्यात कठडा धरणे आणि पोटऱ्या मात्र भरदार दिसणे ही डुशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफीची लक्षणे असू शकतात. रक्तातले सीपीके (स्नायूंतले एक विकर) तपासून घ्या. या आजारात ते हजारांच्या घरात जाते. यकृताच्या चाचणीत मोजली जाणारी एसजीओटी, एसजीपीटी ही विकरे स्नायूंतूनही रक्तात उतरतात. ती वाढलेली दिसली की यकृताचा आजार समजून औषधे चालू होतात, सीपीके कुणी पाहत नाही आणि मोलाचे महिने हातचे जातात.

स्नायूपेशींचे आवरण सांभाळणारे डिस्ट्रॉफिन हे प्रथिन या मुलांत जवळजवळ तयारच होत नाही. साधारण ३५०० ते ५००० मुलग्यांमागे एकाला हा आजार असतो. जनुकीय चाचणीने निदान पक्के होते.

आई-वडिलांचा पहिला प्रश्न असतो, बरा होईल ना? मुळापासून बरा करणारे औषध आज नाही, हे मी स्पष्ट सांगतो. पण 'काही करता येत नाही' म्हणून घरी पाठवणे मला मान्य नाही. उपचार नसतील तर बाराव्या वर्षाच्या सुमारास चालणे थांबते आणि विशीच्या आसपास श्वास किंवा हृदय दगा देते. प्रेडनिसोलोन किंवा डिफ्लाझाकॉर्ट हे स्टिरॉइड वेळेवर सुरू केले तर चालणे दोन-तीन वर्षे तरी लांबते, पाठीचा कणाही कमी वाकतो. पुढे हृदयाची औषधे आणि रात्री बायपॅप (श्वासाला मदत करणारे यंत्र) यांची जोड मिळालेली अनेक मुले तिशीपर्यंत पोहोचतात.

स्टिरॉइडने भूक वाढते, वजन चढते, हाडे ठिसूळ होतात. त्यामुळे आहार, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व यांकडे लक्ष हवेच. गोळी मनाने एकदम बंद करू नका, ते जिवावर बेतू शकते.

घरी रोज करायचे काम म्हणजे टाचेचा ताण. मुलाला उताणे झोपवा, गुडघा सरळ ठेवा, टाच तळहातात धरा आणि तळपाय आपल्या मनगटाच्या वरच्या भागाने हळूहळू त्याच्या नडगीच्या दिशेने दाबा. अर्धा मिनिट धरा, सोडा, पुन्हा करा. दुखेपर्यंत ओढू नका. रात्री स्प्लिंट घाला. वजने उचलायला लावून किंवा जिने चढायला लावून 'ताकद कमावणे' मात्र नको. त्याने कमकुवत स्नायू जास्त फाटतात. पोहणे चांगले.

धाप लागण्याची वाट पाहू नका. निदान झाल्यापासूनच दरवर्षी टू-डी इको आणि फुप्फुसांची चाचणी करा. सकाळी डोके दुखणे, झोप न लागणे, वर्गात पेंगणे ही रात्री श्वास अपुरा पडत असल्याची खूण असते.

स्टेम सेलच्या इंजेक्शनांसाठी शेती विकू नका. या आजारात त्यांचा उपयोग सिद्ध झालेला नाही. अमेरिकेत २०२३ मध्ये मान्यता मिळालेल्या जनुकोपचाराचा खर्च प्रचंड आहे आणि चालणे थांबलेल्या रुग्णांपैकी काहींचा त्यानंतर यकृत निकामी होऊन मृत्यूही झाला. शस्त्रक्रियेची वेळ आली तर भूलतज्ज्ञांना आजाराचे नाव आधीच सांगा. भुलीची काही औषधे या मुलांना घातक ठरतात.

दिव्यांग हक्क कायदा २०१६ मध्ये या आजाराचा समावेश आहे, तेव्हा प्रमाणपत्र काढून ठेवा. शाळेत तळमजल्यावरचा वर्ग मागा. आणि आईचीही जनुकीय चाचणी करा. सुमारे दोन-तृतीयांश माता या आजाराच्या जनुकदोषाच्या वाहक असतात. पुढच्या गरोदरपणात गर्भाची तपासणी करता येते. वाहक आईचे हृदयही कमकुवत होऊ शकते, म्हणून दर काही वर्षांनी तिचाही इको करायचा असतो. तिला बोल लावण्यासाठी मात्र जनुकीय चाचणीचा अहवाल कुणी वापरू नये.