इनक्युबेटरच्या पॅनलवरचे दोन आकडे : कोणता बघायचा, कोणता बदलायचा?

ताईंनो, खुडूक बसलेल्या कोंबडीला अंड्यांना ऊब किती द्यायची हे कुणी शिकवावं लागत नाही. मशीनला मात्र ते आपणच सांगायचं असतं. ते सांगण्याची जागा म्हणजे पॅनल. म्हणून गटातल्या एकीलाच नाही, तर पाळीने बसणाऱ्या प्रत्येकीला पॅनल वाचता यायला हवं.

दोन आकडे, दोन अर्थ
एक आकडा म्हणजे आत्ता आत असलेलं तापमान. दुसरा म्हणजे आपण ठरवून दिलेलं तापमान, म्हणजेच ‘सेट’. काही पॅनलवर दोन्ही एकदम दिसतात, काहींवर ‘सेट’चं बटण दाबल्यावरच दुसरा दिसतो.

नेहमी होणारी चूक इथेच आहे. दार उघडलं की आतला आकडा ३५–३६ वर येतो. मशीन थंड पडलं असं वाटून कुणीतरी सेट वाढवते. दार लावल्यावर मशीन आपोआप गरम होतं, पण आता ते वाढवलेल्या आकड्यापर्यंत जातं. तापमान काही तास ३९ च्या वर राहिलं तर आतली पिल्लं मरू शकतात. आतला आकडा खाली आला तर दार लावून थांबा. सेटला हात लावू नका.

कोंबडीच्या अंड्यांसाठी सेट (पंख्याचं मशीन)
• दिवस १ ते १८ : तापमान ३७.५ ते ३७.८ अंश सेल्सिअस, ओलावा ५० ते ५५ टक्के, ट्रे दर दोन तासांनी फिरवणं.
• शेवटचे ३ दिवस : तापमान ३७.२ च्या आसपास, ओलावा ६५ ते ७० टक्के, ट्रे फिरवणं बंद.

सेट बदलताना
१. जुना आकडा आधी वहीत लिहा. सोबत तारीख आणि आपलं नाव.
२. ‘सेट’चं बटण दाबून धरा. आकडा लुकलुकू लागला की वर-खाली बाणाने बदला. बटणांची पद्धत कंपनीनुसार वेगळी असते, मशीनसोबतची पुस्तिका बघा.
३. एका वेळी एकच गोष्ट बदला.
४. बाहेर येऊन सेट पुन्हा तपासा. तासाभराने आतला आकडाही बघा.
५. वीज जाऊन आली की सेट तोच आहे ना, हे पाहून घ्या.

सेट ३७.७ असताना आकडा ३७.५ ते ३७.७ मध्ये हलत असेल तर घाबरू नका. हीटर बंद-चालू होत असतो, म्हणून तेवढा फरक पडतोच.

पॅनल खरं बोलतं का?
सेन्सर चुकला तर पॅनलही चुकीचं दाखवतं. अंडी ठेवण्याआधी मशीन एक दिवस रिकामं चालवा. सेन्सरजवळ वेगळा थर्मामीटर ठेवून दोन्ही आकडे जुळवा. अर्ध्या अंशाचाही फरक असेल तर मेकॅनिकला बोलवा, मगच अंडी भरा.

पुढच्या मासिक बैठकीत हा पाठ मशीनसमोर उभं राहून घ्या. प्रत्येक ताईने एकदा सेट बघून, बदलून, परत जुन्यावर आणून दाखवायचा. हे मशीन रिकामं असतानाच करायचं!