शिक्षणाच्या जाहिरातीतील भाषा : काही शब्दांचा अभ्यास

परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटीची स्थापना केली आणि १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झाले. दिवसा नोकरी करणाऱ्या गरीब विद्यार्थ्याला शिकता यावे म्हणून तेथे सकाळचे वर्ग ठेवण्यात आले. विद्यार्थ्याच्या सोयीने शिक्षणानेही थोडे वळले पाहिजे, हा त्यामागील विचार होता. नाशिक येथे १९८९ साली स्थापन झालेल्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाने 'ज्ञानगंगा घरोघरी' हे ब्रीद स्वीकारले, ते याच वाटेने जाणारे आहे. १९९३ च्या भूकंपानंतर सास्तूर परिसरात ज्यांची शिकण्याची वर्षे घर पुन्हा उभे करण्यात गेली, त्यांच्यासाठीही पदवीचे एक दार अशा रीतीने उघडे राहिले.

तेव्हा घरबसल्या शिक्षणाला माझा विरोध आहे, असा समज कोणी करून घेऊ नये. माझा विषय आहे तो या शिक्षणाची जाहिरात करणाऱ्या भाषेचा. 'ज्ञानगंगा घरोघरी' या दोन शब्दांत ज्ञान घरी येईल एवढेच वचन आहे. नोकरीचे नाही, पगाराचे तर नाहीच. आज मुलांच्या मोबाईलवर येणाऱ्या ऑनलाईन कोर्सच्या जाहिराती पाहा. त्यांत पगार आहे, नोकरी आहे, हसरे चेहरे आहेत. ज्ञान मात्र शोधावे लागते.

मज्झिम निकायातील अभयराजकुमार सुत्तात तथागतांनी वाणीची जी कसोटी सांगितली आहे, ती येथे उपयोगी पडते. वचन सत्य आहे का, हितकारक आहे का आणि ऐकणाऱ्याला प्रिय आहे का, अशी ती तिहेरी कसोटी. वचन प्रिय आहे, पण सत्य व हितकारक नाही, तर तथागत ते उच्चारीत नाहीत. जाहिरातीचे वचन प्रिय असतेच, कारण त्यासाठीच ते लिहिलेले असते. उरलेल्या दोन गोष्टी आपण तपासायच्या.

प्रथम 'हमी' हा शब्द घेऊ. मोठ्या अक्षरात 'नोकरीची हमी' असते आणि खाली बारीक अक्षरात 'नोकरी मिळविण्यासाठी साहाय्य' असते. हमी देणारा जबाबदार असतो, साहाय्य करणारा नसतो. आमच्या बँकेच्या भाषेत सांगायचे तर जामीनदार आणि ओळख देणारा यांत जो फरक, तोच हा. तसाच 'पर्यंत' हा शब्द. 'वार्षिक १२ लाखांपर्यंत पगार' या वाक्यात १ लाखही बसतो, वाक्य खोटे ठरत नाही.

'मान्यताप्राप्त' हा शब्द वाचला की कोणाची मान्यता, हे विचारावे. 'आय.एस.ओ. प्रमाणित' याचा संबंध संस्थेच्या कामकाजाच्या पद्धतीशी असतो. 'एम.एस.एम.ई. नोंदणीकृत' म्हणजे उद्योग म्हणून झालेली नोंदणी, ती तर पिठाच्या गिरणीचीही होते. या दोन्हींमुळे पदवीला मान्यता मिळत नाही. ऑनलाईन पदवीसाठी विद्यापीठ अनुदान आयोगाची मान्यता लागते आणि त्या विद्यापीठांची व अभ्यासक्रमांची यादी आयोगाचा दूरशिक्षण विभाग जाहीर करतो. यादीतील पदवी ही नेहमीच्या पदवीच्या बरोबरीची आहे, असे आयोगाने २०२२ साली स्पष्ट केलेले आहे. म्हणून तिला कमी लेखण्याचे कारण नाही. मात्र परिचर्या, औषधनिर्माण, कायदा यांसारख्या विषयांची पदवी ऑनलाईन घेता येत नाही. कोणी देतो म्हणाला तर तेथेच थांबावे.

आपल्या विद्यार्थ्यांना सर्वांत जास्त चकवणारा शब्द 'शिष्यवृत्ती' हा आहे, असे मला वाटते. आपल्या घरांत हा शब्द आदराचा आहे. भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ पासून चालत आली आहे आणि तिच्यावर पिढ्या शिकल्या आहेत. शिष्यवृत्ती म्हणजे शासनाकडून विद्यार्थ्याला मिळणारे साहाय्य, हा अर्थ आपल्या मनात पक्का आहे. जाहिरातीत '७० टक्के शिष्यवृत्ती मंजूर' असे येते, तेव्हा अर्थ उलटा असतो. फी आधी फुगवून लिहायची, मग तीत सूट द्यायची आणि त्या सुटीला शिष्यवृत्ती म्हणायचे. येथे पैसा विद्यार्थ्याकडे येत नाही, विद्यार्थ्याकडून जातो. १४ एप्रिलच्या सुमारास बाबासाहेबांच्या छायाचित्राखाली अशी 'विशेष शिष्यवृत्ती' वाचली की मन विषण्ण होते.

'फक्त आज', 'उरल्या केवळ ५ जागा' ही वाक्ये त्याच जातीची. ज्या वर्गाला बाकच नाहीत, त्याच्या जागा कशा संपतात? अशा खोट्या घाईला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांत फसवी पद्धत ठरविले आहे. शिकवणी व मार्गदर्शन देणाऱ्यांच्या जाहिरातींसाठी १३ नोव्हेंबर २०२४ रोजी निराळी तत्त्वेही आली. त्यांनुसार निवडीची वा नोकरीची खोटी हमी देता येत नाही आणि यशस्वी विद्यार्थ्याचे छायाचित्र त्याच्या लेखी संमतीशिवाय वापरता येत नाही.

आता 'हप्ता'. या शब्दावर थोडे थांबतो, कारण त्याचे परिणाम मी खिडकीवर बसून पाहतो. एक शेतकरी गृहस्थ पासबुक पुढे सरकवून म्हणाले, "साहेब, पोरीनं क्लास सोडून दोन महिनं झालं. मग पैसं कशाचं कटायलेत?" दर महिन्याच्या ५ तारखेला रक्कम नावे पडत होती. एका महिन्यात शिल्लक नव्हती, तर मँडेट परत गेल्याचा दंडही पडला होता. रक्कम शिकविणाऱ्या कंपनीकडे जात नव्हती, ती एका वित्त कंपनीकडे जात होती. म्हणजे त्यांनी फी हप्त्याने भरलेली नव्हती. कर्ज काढून ती एकरकमी भरली गेली होती आणि कर्जदार ते स्वतः होते. फोनवरच्या 'काउन्सेलर'ने कर्ज हा शब्द उच्चारलाच नव्हता. 'मुलीच्या भवितव्यापेक्षा हप्ता मोठा आहे का?' असे मात्र त्याने विचारले होते. या प्रश्नाला कोणता बाप 'होय' म्हणेल? त्यांनी ओटीपी वाचून दाखविला.

आपल्याकडे कर्ज म्हटले की सावकार आठवतो, माणूस दचकतो. हप्ता म्हटले की बचत गट आठवतो, आणि तो शब्द घरातला वाटतो. हे जाहिरात लिहिणाऱ्याला चांगले ठाऊक असते. मँडेट बंद करता येते, पण कर्ज त्याने मिटत नाही. थकबाकीची नोंद सिबिलला जाते आणि पुढे पीककर्जाच्या वेळी ती आडवी येते. म्हणून सही करण्यापूर्वी वा ओटीपी सांगण्यापूर्वी, 'हे कर्ज आहे काय, आणि कोणाचे?' असे सरळ विचारावे व उत्तर लेखी मागावे. कर्ज असेल तर मुख्य तथ्य विवरणपत्र मिळणे हा रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे आपला हक्क आहे. मोबाईलवरून घेतलेल्या कर्जात सुरुवातीच्या ठरावीक मुदतीत मुद्दल व तेवढ्या दिवसांचा खर्च भरून बाहेर पडता येते. ती मुदत त्या पत्रात लिहिलेली असते. त्या गृहस्थांची मुदत केव्हाच उलटून गेली होती. फसवणुकीची तक्रार राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनच्या १९१५ या क्रमांकावर करता येते, ती आम्ही केली. त्यांचे हप्ते अजून चालू आहेत.

ज्यांना खरोखर शिकायचे आहे, त्यांनी केंद्र सरकारचे 'स्वयम्' आधी पाहावे. २०१७ पासून तेथे अनेक विषय विनामूल्य शिकता येतात, शुल्क पडते ते परीक्षेचे. स्पर्धा परीक्षेसाठी पुण्याच्या बार्टीच्या मोफत प्रशिक्षणाची चौकशी करावी.

एक सूचना करतो. वर्षावासात विहारात ग्रंथवाचन होते, त्यानंतर अर्धा तास मुलांनी आपल्या मोबाईलवर आलेली एकेक जाहिरात मोठ्याने वाचावी आणि 'हमी', 'पर्यंत', 'मान्यताप्राप्त', 'शिष्यवृत्ती', 'हप्ता' हे शब्द आले की इतरांनी हात वर करून थांबवावे. मोठ्यांनीही बसावे, कारण ओटीपी त्यांच्याच मोबाईलवर येतो. मला बोलावल्यास मी येईन, मार्चअखेरचे दिवस तेवढे सोडून.