जुने पुसा, हक्क राखा

घर जुने झाले की कोणी डागडुजी करतो, तर कोणी पाडून नवे बांधतो. पण घर पाडले तरी जागा आपलीच राहते. उताऱ्यावर आपले नाव असते ना!

कॉम्प्युटरचेही तसेच आहे. कॉम्प्युटरचा सगळा कारभार पाहते तिला ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात. विंडोज ही अशीच एक सिस्टिम. विंडोज 10 ची नेहमीची देखभाल मायक्रोसॉफ्ट कंपनीने 14 ऑक्टोबर 2025 रोजी थांबवली. ज्यांचे विंडोज 10 अस्सल आहे आणि कॉम्प्युटर पुरेसा नवा आहे, त्यांना विंडोज 11 फुकट मिळते.

जुन्यावर नवे चढवणे ही झाली डागडुजी. सगळे पुसून नवे घालणे म्हणजे पाडून बांधणे.

कोणी विचारील, "जुनंच पुसलं, तर हक्क कशावर सांगायचा?" शंका रास्त आहे. पण हक्काची नोंद कंपनीच्या दप्तरी असते. तिला डिजिटल लायसन्स म्हणतात. ती आपल्या कॉम्प्युटरच्या नावाने असते. जुने पुसले तरी ती राहते. मात्र ती आहे का, हे आधी पाहावे.

काम असे करावे :

1. सेटिंग्जमध्ये 'अपडेट अँड सिक्युरिटी' आणि त्यात 'अ‍ॅक्टिव्हेशन' उघडा. तिथे 'डिजिटल लायसन्स' हे शब्द हवेत. विंडोज 'होम' आहे की 'प्रो', ते कागदावर लिहून ठेवा.

2. हिशोब, फोटो, कागदपत्रे दुसरीकडे उतरवा. उघडून खात्री करा.

3. निदान 8 जीबीचा वेगळा पेनड्राइव्ह घ्या. त्यावर कंपनीच्या संकेतस्थळावरून विंडोज 11 उतरवा. त्यावरचे आधीचे सारे पुसले जाते, हे ध्यानात ठेवा.

4. त्या पेनड्राइव्हवरून कॉम्प्युटर सुरू करा. किल्ली, म्हणजे 'प्रॉडक्ट की' मागितली, तर 'आय डोन्ट हॅव अ प्रॉडक्ट की' यावर टिचकी मारा. होम असेल तर होम, प्रो असेल तर प्रोच निवडा.

5. इंटरनेट जोडा. नोंद जुळते आणि विंडोज आपोआप चालू हक्काचे होते.

मदरबोर्ड बदलला तर मात्र नोंद जुळत नाही. म्हणून ही दोन कामे एकदम काढू नका.

विंडोज पुन्हा घालता येते. पण सोसायटीचा हिशोब, लेकीच्या लग्नाचे फोटो एकदा पुसले की गेलेच. म्हणून आधी राखा, मग पुसा.

सांगा पाहू :
1. हक्काची नोंद कुठे असते?
2. पुसण्याआधी कोणती दोन कामे करावी?