बारा हजार टाके

मुलांनो, यवतमाळ जिल्ह्याच्या दारव्हा तालुक्यात बोरी अरब नावाचे गाव आहे. भोवतालची जमीन काळी आणि तिचे मुख्य पीक कापूस. मृगाच्या पावसानंतर सरकी पेरावी, दिवाळीच्या सुमारास बोंडे फुटावीत आणि सारे शेत पांढरेशुभ्र दिसू लागावे, हे दृश्य आमच्या पिढीने लहानपणापासून पाहिले. त्या कापसाचे सूत होते, सुताचे कापड होते. परंतु ते कापड वापरून विरले म्हणजे त्याचे पुढे काय होते? पूर्वी घरोघरी त्याची गोधडी होत असे. काही ठिकाणी तिलाच वाकळ म्हणतात. जमिनीवर अंथरावयास तीच आणि थंडीत पांघरावयासही तीच.

सातवीची परीक्षा झाल्यावर मी पुढील शिक्षणासाठी यवतमाळच्या एका वसतिगृहात राहावयास गेलो. निघण्यापूर्वी मी वडिलांजवळ सोलापुरी चादरीचा हट्ट धरला. त्या वर्षी कापूस फार थोडा पिकला होता. वडील काही बोलले नाहीत. आजीने मात्र स्वतः शिवलेली एक गोधडी घडी घालून माझ्या ट्रंकेत ठेवली. वसतिगृहात इतर मुलांच्या बिछान्यांवर रंगीत चादरी होत्या. आपली ठिगळांची गोधडी पाहून मुले हसतील, या भीतीने मी ती बाहेर काढलीच नाही. एका जुन्या पातळ पांघरुणावर मी पावसाळा काढला आणि हिवाळाही काढू लागलो.

पौष महिन्यातील एका रात्री माझ्या शेजारच्या मुलाला हिवताप भरला. तो थडथड कापू लागला. त्याची चादर त्याच्या अंगावर होतीच. दुसऱ्या एकाने आपलीही घातली. तरी त्याची थंडी जाईना. मी क्षणभर ट्रंकेकडे पाहिले, मग उठून ती उघडली आणि आजीची गोधडी त्याच्या अंगावर पसरली. थोड्या वेळाने त्याचे कापणे कमी झाले व त्याला झोप लागली.

सकाळी ताप उतरल्यावर तो गोधडीवरून बोट फिरवीत पडला होता. "किती टाके असतील रे हिच्यात?" त्याने विचारले. मला सांगता येईना. ज्या वस्तूची मला लाज वाटत होती, ती मी कधी नीट पाहिलीही नव्हती.

आम्ही पट्टी घेऊन मोजू लागलो. गोधडीची लांबी २०० सेंटिमीटर आणि रुंदी १२० सेंटिमीटर होती. टाक्यांच्या ओळी दोन-दोन सेंटिमीटरांवर होत्या. म्हणजे ६० ओळी. प्रत्येक सेंटिमीटरला एक टाका. म्हणजे एका ओळीत २०० टाके. गुणाकार करून आम्ही एकमेकांकडे पाहतच राहिलो. बारा हजार टाके! शेतातले व घरातले काम आटोपल्यावर, दुपारच्या उजेडात, आजीने ते एकटीने घातले होते.

पुढच्या सुट्टीत घरी गेलो तेव्हा मी तिला म्हणालो, "आजी, मला गोधडी शिवायला शिकव." तिने काही न विचारता माझ्या हाती सुई दिली. तिच्यापासून जे शिकलो, तेच आज तुम्हांला सांगतो. तुम्ही प्रथम ६० सेंटिमीटर लांबरुंद असे एक लहानसे आसन करून पाहा.

घरातील जुने सुती कापड मागून घ्या. लुगडे, धोतर, सदरा, काहीही चालेल. ते स्वच्छ धुऊन उन्हात वाळवा. गुंड्या आणि जाड शिवणी कापून टाका; त्यांवर सुई अडते. वरच्या व खालच्या थरासाठी त्यातल्या त्यात मजबूत कापड निवडा आणि ते चारी बाजूंनी दोन सेंटिमीटर अधिक ठेवा. मधल्या तीन थरांना अगदी विरलेले तुकडेही चालतात.

आता झाडलेल्या जमिनीवर खालचा थर पसरा आणि चारी कोपऱ्यांवर वजन ठेवा. त्यावर एकेक थर अंथरा. येथे एक गोष्ट विसरू नका. एका थराचे फाटके ठिकाण दुसऱ्या थराच्या फाटक्या ठिकाणावर येता कामा नये. आजी म्हणे, "फाटलं म्हनून फेकू नोको बाबू. एकाचं भोक दुसऱ्याच्या धड जागी झाकू दे." गोधडीची सारी विद्या या एका वाक्यात आहे. एकटे असते तर जे कापड हाताने फाटले असते, तेच चार थरांच्या सोबतीने वर्षानुवर्षे टिकते.

थर लावून झाल्यावर मध्यापासून कडेकडे हात फिरवून सुरकुत्या काढा आणि मोठे कच्चे टाके घालून सर्व थर एकत्र बांधा. नंतर अधिक ठेवलेल्या कडा आत दुमडून शिवा. आता सुईत जाड सुती दोरा ओवा. दोरा हातभरच घ्या. लांब दोरा गुंततो. गाठ थरांच्या आत लपवा. सुई खाली-वर, खाली-वर नेत सरळ ओळ घाला. यालाच धावदोरा म्हणतात. टाका फार आवळू नका, नाही तर कापड गोळा होते. बोटाला अंगुस्तान घाला, म्हणजे सुई टोचणार नाही. सर्व ओळी पूर्ण झाल्यावर कच्चे टाके उसवून काढा.

गोधडी ऊबदार का असते? कापड स्वतः उष्णता निर्माण करीत नाही. परंतु थराथरांमध्ये हवा अडकून राहते आणि स्थिर हवेतून उष्णता सहजी बाहेर जात नाही. म्हणून आपल्या अंगाची ऊब आपल्यापाशीच राहते. एका जाड चादरीपेक्षा अनेक पातळ थर पुष्कळदा अधिक ऊब देतात, ते याच कारणाने.

जुन्यातून नवे करण्याची ही रीत केवळ आपलीच नव्हे. बंगालमध्ये जुन्या साड्यांचे थर शिवून कांथा करतात आणि साड्यांच्या काठांतून काढलेल्या रंगीत धाग्यांनी तिच्यावर फुले व पक्षी भरतात. बिहारमध्ये अशाच कामाला सुजनी म्हणतात. जपानच्या उत्तर भागात थंडीमुळे कापूस पिकत नसे. तेथील शेतकऱ्यांना सुती चिंधीही इतकी मोलाची वाटे, की ते ठिगळावर ठिगळ लावून एकच वस्त्र पिढ्यान्‌पिढ्या वापरीत. एके काळी गरजेपोटी शिवलेली ती वस्त्रे आज तेथील संग्रहालयांत जपून ठेवलेली आहेत.

आपल्या विदर्भात, अमरावती जिल्ह्यातील शेणगाव येथे १८७६ साली जन्मलेले संत गाडगे महाराज अंगावर चिंध्यांचे वस्त्र वापरीत. त्यामुळे काही लोक त्यांना गोधडे महाराज म्हणत. दिवसा हाती खराटा घेऊन गाव झाडावे आणि रात्री कीर्तनातून लोकांची मने स्वच्छ करावीत, असा त्यांचा क्रम १९५६ साली देह ठेवीपर्यंत चालला. त्या चिंध्यांमुळे त्यांची थोरवी तिळमात्र कमी झाली नाही.

आजीची ती गोधडी आज वेगळी अशी उरलेली नाही. ती फार विरली तेव्हा मी तिच्या वर-खाली आईच्या एका लुगड्याचे थर लावले आणि पुन्हा शिवली. माझे टाके आजीच्या टाक्यांइतके सरळ नाहीत. परंतु तिचे बारा हजार टाके माझ्या गोधडीच्या पोटात आहेत, आणि थंडीच्या रात्री माझा नातू ती पांघरून निजतो.

स्वाध्याय

१. लेखकाने गोधडी ट्रंकेबाहेर का काढली नाही? पुढे ती का काढली?
२. "ती मी कधी नीट पाहिलीही नव्हती," या वाक्यातून लेखकाच्या मनातील कोणता भाव प्रकट होतो?
३. आजीने सांगितलेले वाक्य कापडाप्रमाणे माणसांनाही कसे लागू पडते, ते तुमच्या शब्दांत लिहा.
४. ६० सेंटिमीटर लांबरुंद आसनाला, पाठातील मापाप्रमाणे ओळी व टाके घातल्यास, एकूण किती टाके लागतील?
५. पुढील शब्दसमूहांचा वाक्यांत उपयोग करा : हट्ट धरणे, देह ठेवणे, तिळमात्र कमी न होणे.
६. तुमच्या घरातील एखादी जुनी हाताने केलेली वस्तू शोधा. ती कोणी, केव्हा व कशी केली, हे घरातील वडीलधाऱ्यांना विचारून दहा ओळी लिहा.