कोरड्या तोंडाने शिकवलेलं

१. हा कोरडेपणा पाण्याने भागत नाही. "पाणी कमी पितेस गं," हे धायरीतल्या ओळखीच्या प्रत्येक घरात ऐकलं. निरोगी माणसाला दिवसाकाठी अर्धा ते दीड लिटर लाळ सुटते. मला असलेल्या शोग्रेनच्या आजारात स्वतःची रोगप्रतिकारशक्तीच लाळेच्या आणि अश्रूंच्या ग्रंथींवर उलटते. धायरी फाट्यावरच्या धुळीत बाटली सोबत हवीच, पण पाणी घोट घोट घ्यायचं.

२. डोळे-तोंड दोन्ही कोरडे आणि सांधेही दुखत असतील, तर संधिवाततज्ज्ञ गाठा. स्वीडनचे नेत्रतज्ज्ञ हेन्रिक शोग्रेन यांनी १९३३ साली १९ बायकांच्या तपासणीवरून हा आजार मांडला. आजही दहातले नऊ रुग्ण बायकाच. चाळिशी उलटलेल्या बाईला "पाळी जायचं वय आहे" म्हणून परत पाठवतात, याचा मला संताप येतो. रक्ताचा रिपोर्ट निगेटिव्ह आला, तरी ओठाच्या आतल्या बारीक तुकड्याच्या तपासणीत आजार सापडू शकतो.

३. सगळ्यात जपायचे ते दात. लाळ अन्नाचे कण धुते, आम्ल मारते, झिजलेल्या दाताला कॅल्शियम परत देते. ती आटली की कीड थेट हिरडीलगत, मुळाशी लागते. दंतवैद्याला पहिल्याच भेटीत आजाराचं नाव सांगावं आणि जास्त फ्लोराइडची पेस्ट विचारावी. रात्री घासल्यावर फक्त थुंकायचं, खळखळून चूळ भरायची नाही. लिंबाची गोळी, चिंच, आवळासुपारी लोक मायेने पुढे करतात. तोंडाला पाणी सुटतं खरं, पण उघड्या पडलेल्या दातांना ते आम्ल झिजवतं. त्यापेक्षा झायलिटॉलचं बिनसाखरेचं च्युइंगम बरं.

४. भाकरी आमटीत कुस्करून. कोरडे पोहे, शेव, दाण्याची चटणी टाळूलाच चिकटतात. ठेचा सुटला. पंगतीत बसताना ताक आधी मागून घ्यावं, संकोच करू नये.

५. सर्दीच्या, झोपेच्या, नैराश्याच्या कित्येक गोळ्या तोंड आणखी सुकवतात. घेतो ती प्रत्येक गोळी डॉक्टरांना दाखवा. लाळ वाढवणारं पायलोकार्पिन मिळतं, त्याने घाम फार येतो. दमा किंवा काचबिंदू असेल तर आधीच सांगायला हवं.

६. जीभ लाल होऊन आग होते, ओठांच्या कोपऱ्यांना चिरा पडतात, ती बहुधा बुरशी असते. तिला औषध आहे. कानापुढची किंवा जबड्याखालची सूज मात्र दुखत नसली तरी उतरेल म्हणून थांबू नका. या आजारात लिम्फोमाचा, म्हणजे लसिकाग्रंथींच्या कर्करोगाचा, धोका इतरांपेक्षा जास्त असतो.