सीट खचते, गुडघे दुखतात

गुडघे दुखू लागले म्हणून सायकल सोडली, असे सांगणारी माणसे वर्धा, हिंगणघाट, आर्वी, पुलगाव, कुठेही भेटतात. त्यातली बरीचशी पन्नाशीच्या आसपासची आणि अंगाने भारदस्त असतात. मधुमेह किंवा रक्तदाब निघतो, डॉक्टर वजन उतरवायला सांगतात, म्हणून घरातली जुनी सायकल झटकून बाहेर काढली जाते किंवा नवी घेतली जाते. पंधरा दिवस उत्साहात जातात. मग गुडघ्याची वाटी दुखायला लागते आणि ‘आता वयच झाले’ असे म्हणत सायकल पुन्हा भिंतीला टेकते.

वय आणि वजन ही कारणे खरी असू शकतात. परंतु मलम आणि गोळ्या आणण्यापूर्वी एक साधी गोष्ट तपासून पाहावी. ती म्हणजे, आपण चालवताना सायकलची सीट खाली खचते का? वजनदार माणसाच्या बाबतीत हे फार वेळा घडते आणि हळूहळू घडत असल्यामुळे ते त्याच्या ध्यानात येत नाही. आज या विषयाची थोडी सविस्तर माहिती घेऊ.

सायकल का सोडू नये?

चालताना आणि पायऱ्या चढताना शरीराचा सगळा भार आळीपाळीने एकेका गुडघ्यावर पडतो. सायकलवर तसे होत नाही. अंगाचा बराचसा भार सीट उचलते, थोडा हात उचलतात आणि पायांना मुख्यतः पायडल फिरवण्याचेच काम उरते. म्हणून स्थूल व्यक्तींना आणि गुडघ्यांची झीज सुरू झालेल्यांनाही पुष्कळदा सायकलचा व्यायाम सुचवला जातो. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्यातून किमान १५० मिनिटे मध्यम व्यायाम करायला सांगते. वर्ध्याहून सेवाग्राम सुमारे ८ किलोमीटर आहे. आठवड्यातून दोन-तीन वेळा सायकलने जाऊन-येऊन केले, तरी ही मिनिटे सहज भरतात. इतका स्वस्त आणि सोसणारा व्यायाम एका ढिल्या नटबोल्टापायी सोडून देणे योग्य नाही.

गुडघ्यात काय घडते?

सीटची उंची बरोबर असेल, तर पायडल सर्वांत खाली गेल्यावर पाय जवळजवळ सरळ होतो आणि गुडघ्याला साधारण २५ ते ३५ अंशांचा हलका बाक राहतो. पायडल सर्वांत वर आले की तोच गुडघा ११० अंशांच्या आसपास दुमडतो. आता सीट ४ सेंटिमीटर, म्हणजे दोन बोटांहून थोडी जास्त, खचली असे समजा. खालच्या टोकाचा ३० अंशांचा बाक ४५ अंशांच्या घरात जातो आणि वरच्या टोकाला गुडघा आणखी दुमडावा लागतो. गुडघा जितका जास्त दुमडलेल्या अवस्थेत जोर लावतो, तितकी वाटी मांडीच्या हाडावर जास्त दाबली जाते. मिनिटाला ६० फेरे धरले, तर अर्ध्या तासात प्रत्येक गुडघा १,८०० वेळा हा दाब सोसतो. सायकल चालवणाऱ्यांचा वाटीभोवतीचा किंवा वाटीमागचा दुखावा पुष्कळदा याच कारणाने सुरू होतो.

सीट गरजेपेक्षा उंच असणेही चांगले नाही. मग पायडल गाठण्यासाठी कंबर डावी-उजवीकडे हलते, गुडघ्याच्या मागच्या शिरा ताणल्या जातात आणि जांघेतल्या नाजूक भागावर भार येतो. ठोकताळा म्हणून एवढे लक्षात ठेवा : वाटीच्या पुढे दुखत असेल तर सीट खाली गेली आहे का ते पाहा, गुडघ्याच्या मागे दुखत असेल तर ती जास्त वर आहे का ते पाहा.

योग्य उंची कशी ठरवावी?

सोपी पद्धत अशी. भिंतीला धरून सीटवर बसा, पायातली नेहमीची चप्पल किंवा बूट तसाच ठेवा आणि टाच पायडलवर ठेवून पायडल सर्वांत खाली न्या. पाय सरळ झाला, पण कंबर झुकली नाही, तर उंची ठीक आहे. मग चालवताना टाचेऐवजी चवडा पायडलवर ठेवला की गुडघ्याला हवा तेवढा बाक आपोआप येतो.

मोजूनच घ्यायचे असेल, तर १९६७ साली हॅम्ली आणि थॉमस या संशोधकांनी मांडलेले प्रमाण अजूनही वापरले जाते. अनवाणी उभे राहून जमिनीपासून जांघेपर्यंतची उंची मोजावी. खालच्या टोकाला असलेल्या पायडलपासून सीटच्या वरच्या पृष्ठभागापर्यंतचे अंतर त्याच्या १०९ टक्के ठेवावे. जांघेची उंची ८० सेंटिमीटर असेल, तर हे अंतर सुमारे ८७ सेंटिमीटर येते. हे माप सायकलपटूंना डोळ्यांपुढे ठेवून काढलेले आहे. साठी उलटलेल्यांनी आणि चढता-उतरताना तोल जाणाऱ्यांनी सीट त्याहून एक-दोन सेंटिमीटर खाली ठेवली तरी चालेल. मात्र ती ठेवली तिथेच राहायला हवी.

सीट खचते ती का?

सीट एका नळीवर बसवलेली असते आणि ती नळी फ्रेमच्या उभ्या नळीत उतरवलेली असते. फ्रेमच्या तोंडाशी एक खाच असते. तिथला बोल्ट आवळला की खाच मिटते आणि आतली नळी पकडली जाते. म्हणजे सगळा भार उचलणारी गोष्ट एकच आहे : दोन नळ्यांमधले घर्षण. खाली दुसरा कोणताही टेकू नसतो. पकड जेवढ्यास तेवढी असेल, तर ५५ किलोच्या माणसाला ती पुरते, ९५ किलोच्या माणसाला पुरत नाही. त्यात चाक खड्ड्यात आदळले की क्षणभर हा भार वजनाच्या कितीतरी पट होतो. प्रत्येक धक्क्याला नळी केसभर सरकते. सकाळी नीट लावलेली सीट आठवड्यात दोन बोटे खाली जाते, ती अशी.

पकड कमी होण्याची कारणे ठरावीक आहेत. पहिले, नळीचे माप. या नळ्या ०.२ मिलिमीटरच्या फरकाने वेगवेगळ्या मापांत येतात. मूळची नळी वाकली म्हणून दुकानात मिळाली ती ‘जवळपासची’ बसवली, तर डोळ्यांना न दिसणारा हा फरक पकड घालवतो. दुसरे, खाच पूर्ण मिटलेली असणे. खाचेच्या दोन्ही कडा एकमेकींना टेकल्या की बोल्ट कितीही आवळला, तरी नळीवर दाब येत नाही. तिसरे, बोल्टाचे आटे झिजलेले किंवा गंजलेले असणे. हाताला तो घट्ट लागतो, पण तो जोर आट्यांतच अडलेला असतो. चौथे, नळीला फासलेले जास्तीचे ग्रीस. पाचवे, पान्याशिवाय उघडणारा खटका. नव्या धाटणीच्या पुष्कळ सायकलींना तो असतो. सोयीचा आहे, पण वजनदार माणसासाठी बोल्टाची पकड जास्त भरवशाची.

याशिवाय सीटच्या खाली, नळीच्या माथ्यावर, दुसरी एक पकड असते. तिथले दातेरी वायसर झिजले की सीट पुढे किंवा मागे कलते. नाक वर झाले तर जांघेत बधिरपणा येतो. नाक खाली झाले तर अंग पुढे घसरते आणि मनगटे भरून येतात. जांघेत मुंग्या येत असतील, तर त्या सोसत बसू नये, सीट दुरुस्त करावी.

तपासणी आणि उपाय

सीट योग्य उंचीवर लावा आणि नळी फ्रेममध्ये जिथे शिरते, तिथे नळीवर रंगाची बारीक रेघ मारा किंवा चिकटपट्टी गुंडाळा. आठ दिवस सायकल चालवा. रेघ आत गेली किंवा पट्टी चुरगळली, तर सीट खचते आहे हे सिद्ध झाले. मग पुढील क्रमाने जा.

१) नळी बाहेर काढा. नळी आणि फ्रेमच्या नळीचे तोंड रॉकेलच्या फडक्याने पुसून कोरडे करा. आपल्याकडे पावसाळ्यात गंज आणि उन्हाळ्यात धूळ आत साचते. गंज पॉलिश पेपरने हलकेच घासा. लोखंडी नळी आत जाम होऊ नये म्हणून ती वर्षातून दोन वेळा तरी अशी काढून पुसावी.

२) बोल्ट आणि नट नवे बसवा. हे काम चहा-नाश्त्याच्या खर्चात होते. तेलाचा थेंब बोल्टाच्या आट्यांना द्या, नळीला नको.

३) खाच पाहा. कडा टेकलेल्या असतील, तर नळी बारीक आहे असे समजा आणि मिस्त्रीकडून योग्य मापाची नळी घ्या. ती मिळेपर्यंत शीतपेयाच्या डब्याचा पातळ पत्रा नळीभोवती एक वेढा देऊन बसवता येतो. तो साधारण ०.१ मिलिमीटर जाडीचा असल्याने नळीचे माप ०.२ मिलिमीटरने वाढते. कडा मात्र हाताला कापतात, जपून काम करा.

४) तरीही खचत असेल, तर पाण्याच्या पाइपाला लावतात तशी स्क्रूची क्लिप नळीवर, फ्रेमच्या तोंडाला अगदी टेकून, आवळून बसवा. तिने नळीला एक टेकू मिळतो.

५) बोल्ट आवळताना पान्याला लांब पाइप लावून जोर करू नका. बोल्ट तुटतो किंवा फ्रेमचे कान फाटतात.

यात खरा धोका कुठे आहे?

गुडघा दुखणे हा त्रास झाला. अपघात त्याहून वाईट. सीट खचते म्हणून काही जण ती मुद्दाम जास्त वर ओढून ठेवतात. नळीवर किमान खोलीची खूण कोरलेली असते, ती कधीही बाहेर दिसू नये. आंतरराष्ट्रीय मानकानुसार ही खूण टोकापासून नळीच्या जाडीच्या किमान दुप्पट अंतरावर असावी लागते. वजनदार माणसाने त्याहून जास्त, तीन-चार इंच तरी नळी आत ठेवावी. सीटची नळी मागे झुकलेली असते, त्यामुळे भार तिला नुसता खाली दाबत नाही, मागे वाकवतोही. ती कमी आत असेल तर वाकते, मोडते किंवा फ्रेम फाडते.

सीट एकदम खाली गेली किंवा मोडली, तर माणूस दांडीवर आदळतो. पुरुषांमध्ये अशा आघाताने मूत्रमार्गाला इजा होऊ शकते. लघवीच्या जागेतून रक्त येणे, लघवी न होणे, जांघेत काळीनिळी सूज येणे, यांतले एक जरी लक्षण दिसले तरी घरगुती उपाय करत बसू नका. जोर करून लघवी करण्याचा प्रयत्न करू नका आणि गावात कोणाकडून नळी घालून घेऊ नका. सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय, सावंगीचे आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय किंवा जवळचे मोठे रुग्णालय गाठा. स्त्रियांनाही असा मार लागून आतल्या आत रक्त साकळते. संकोचापायी उशीर करू नये.

डॉक्टरांकडे केव्हा जावे?

सीट दुरुस्त केल्यावर दोन-तीन आठवडे कमी अंतर, सपाट रस्ता आणि हलका जोर असे चालवून पाहा. दुखणे कमी होत गेले, तर दोष सायकलचा होता. गुडघा सुजला, गरम लागला, मध्येच अडकला, रात्री झोपेतही दुखू लागला किंवा उभे राहताना लचकू लागला, तर तपासणी करून घ्या. छातीत दुखणे किंवा धाप हे त्रास असलेल्यांनी व्यायाम सुरू करण्याआधीच डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

नवी सायकल घेताना वजन सांगायला लाजू नका. बऱ्याच सायकलींच्या माहितीपत्रकात वजनाची मर्यादा छापलेली असते. ती वाचा आणि कॅरियरवरच्या ओझ्यासह आपला हिशेब करा. दसऱ्याला आपण सायकल धुतो, हार घालतो. त्याच दिवशी पाना घेऊन सीटची नळी काढून पुसावी, बोल्ट पाहावा आणि रंगाची रेघ ताजी करावी. पुढचा मुहूर्त गुढीपाडव्याचा धरला, म्हणजे वर्षातून दोन वेळा हे काम होईल.